झाझेनची बैठक: वाचकांची प्रश्नोत्तरे

प्रश्न : लहानपणापासून पाटावर मांडी घालून जेवण्याची सवय आहे, तरीही झाझेनला, म्हणजे झेन परंपरेतल्या बैठ्या ध्यानाला, बसल्यावर वीस मिनिटांत पाठीला पोक येतो आणि पायांना मुंग्या येतात. काय चुकते?

चूक सवयीची नसून उंचीची आहे. साध्या मांडीत गुडघे अधांतरी राहतात, त्यामुळे कंबर मागे कलते आणि तिच्यामागोमाग पाठ वाकते. जपानी मठांत झाफू नावाच्या गोल, घट्ट भरलेल्या उशीच्या केवळ पुढच्या भागावर बसतात. त्यामुळे दोन्ही गुडघे खालच्या झाबुतोनवर, म्हणजे चौकोनी गादीवर टेकतात आणि शरीराला तीन ठिकाणी आधार मिळतो. घरी जाड चादरीची घट्ट घडी पुरते. मऊ उशी मात्र दबते, ती नको. जपानी झेनगुरू दोगेन (१२००–१२५३) यांनी चीनहून परतल्यावर लिहिलेल्या बैठकीच्या सूचनांत पद्मासन आणि अर्धपद्मासन सांगितले आहे. परंतु गुडघ्यात कळ येत असेल, तर वज्रासनात टाचांमध्ये उशी घेऊन किंवा खुर्चीच्या कडेवर पाठ न टेकता बसावे. मुंग्या सहन करता येतात, सांध्यातील कळ सहन करू नये.

प्रश्न : इगतपुरीच्या विपश्यना शिबिरात डोळे मिटून बसायला शिकलो. झेनमध्ये ते उघडे का ठेवायचे?

पापण्या अर्ध्या झुकवून नजर सुमारे एक मीटर पुढे जमिनीवर सोडायची असते. काहीही न्याहाळायचे नसते. मिटल्या डोळ्यांमागे झोप आणि चित्रे दोन्ही लवकर जमतात, हे त्यामागचे व्यवहारी कारण आहे. झेनच्या सोतो पंथात भिंतीकडे तोंड करून बसतात, रिन्झाई पंथात दालनाच्या मध्याकडे. झोपेची चाहूल हातांनाही लागते: तळव्यावर तळवा ठेवून अंगठ्यांची टोके हलकेच जुळवलेली असतात, पेंग आली की ती खाली घसरतात, ताण वाढला की एकमेकांवर दाबली जातात. विपश्यनेशी याचे वैर नाही, मात्र एकाच बैठकीत दोन्ही पद्धतींची सरमिसळ करू नये, असे माझे मत आहे.

प्रश्न : श्वास मोजताना कधी चारवरच हरवतो, कधी भानावर येतो तेव्हा सत्तावीस झालेले असतात.

मोजणी एक ते दहा, आणि पुन्हा एक. म्हणून सत्तावीस हेसुद्धा हरवणेच आहे, फक्त तोंडाने आकडे चालू राहिलेले. लक्षात येताच, स्वतःवर न चिडता, एकपासून सुरुवात करावी. दहापर्यंत पोहोचणे ही काही परीक्षा नव्हे.

प्रश्न : ‘एका हाताचा आवाज कोणता?’ या कोआनवर घरी एकट्याने ध्यान करावे का?

करू नये. कोआन म्हणजे तर्काने न सुटणारा, ध्यानासाठी गुरूंनी दिलेला प्रश्न, आणि हा प्रश्न रिन्झाई गुरू हाकुइन (१६८६–१७६९) यांचा. रिन्झाई परंपरेत शिष्य आपले उत्तर घेऊन दोकुसान, म्हणजे गुरूंच्या एकांत भेटीला, पुन्हा पुन्हा जातो आणि बहुतेक वेळा परत पाठवला जातो. ते परत पाठवणे वगळले, तर कोआनचे उखाण्यात रूपांतर होते. भारतात कोडाईकनालजवळच्या बोधी झेंडो या झेन केंद्रासारख्या ठिकाणी शिक्षकांच्या सहवासात बसता येते. तोवर श्वास पुरे.

प्रश्न : रोज किती वेळ बसावे?

मठांत एक उदबत्ती जळेपर्यंत, म्हणजे साधारण चाळीस मिनिटे. नवशिक्याने पंधरा मिनिटे बसावे, पण रोज, आणि उठताना आधी अंग हलकेच डोलवून पाय मोकळे होऊ द्यावेत.