जहाज पनामाचं, मालक ग्रीसचा, मग युनियन कुठली?

प्रश्न : माझा मुलगा जहाजावर एबी (डेकवरचा अनुभवी खलाशी) आहे. मालक ग्रीसचा, झेंडा पनामाचा, भरती मुंबईच्या एजंटने केली. तीन महिने पगार नाही. फोन केला की म्हणतो, आई बघू पुढच्या पोर्टला. इथल्या युनियनचं तिकडे कोण ऐकणार? – एक आई, देवगड

उत्तर : ताई, ऐकतात, आणि ते पोर्टलाच ऐकतात, म्हणून पोरगा बोलतोय त्यात तथ्य आहे. मालक एका देशातला आणि झेंडा, म्हणजे जहाजाची नोंदणी, स्वस्तात मिळते तिथला, हा प्रकार जुनाच, त्याविरुद्ध आयटीएफ म्हणजे वाहतूक कामगारांची जागतिक फेडरेशन १९४८ पासून मोहीम चालवतेय. फेडरेशनची सुरुवातच १८९६ साली लंडनला खलाशी आणि गोदी कामगार एकत्र आले तिथून झाली, आणि खरा जोर अजूनही त्याच जोडीत आहे, कारण खलाशी समुद्रात एकटा पडतो पण जहाजाला धक्क्याला लागावंच लागतं आणि तिथे माल उतरवणारे हात दुसऱ्या युनियनचे असतात. स्वीडनमध्ये २०२३ ला टेस्लाच्या मेकॅनिकांनी संप केला तेव्हा डेन्मार्क, नॉर्वे, फिनलंडच्या गोदी कामगारांनी स्वीडनला जाणाऱ्या टेस्लाच्या गाड्या हाताळायला नकार दिला, स्वतःची काही मागणी नसताना! मला हे फार मोठं वाटतं. पण सगळीकडे हे चालत नाही हो, ब्रिटनमध्ये दुसऱ्यांच्या संपाला असा पाठिंबा कायद्यात बसत नाही.

आता तुमच्या मुलाचं. सागरी कामगारांच्या आंतरराष्ट्रीय कराराप्रमाणे (पनामा, ग्रीस, भारत तिघांनीही तो मान्य केलाय) दोन महिने पगार थकला की खलाशाला वाऱ्यावर सोडलं असं धरतात, आणि जास्तीत जास्त चार महिन्यांचा थकलेला पगार, जेवण-पाणी आणि घरी परत यायचा खर्च विमा कंपनीला द्यावा लागतो. त्या विम्याचं सर्टिफिकेट जहाजावर सगळ्यांना दिसेल असं लावायचं बंधन आहे, मुलाला त्याचा फोटो काढायला सांगा, सोबत कॉन्ट्रॅक्ट आणि पगाराचा हिशोब. जहाजाला आयटीएफचं ॲग्रीमेंट, म्हणजे पगार आणि कामाच्या अटींचा करार, आहे का तेही विचारा, असेल तर काम लवकर होतं. मुंबईत नुसी, म्हणजे खलाशांची युनियन, तिथे हे सगळं घेऊन जा, नुसी आयटीएफचीच सदस्य आहे. बऱ्याच मोठ्या पोर्टला आयटीएफचे इन्स्पेक्टर असतात, ते जहाजावर चढून कागद तपासतात. पुढचं पोर्ट कुठलं आणि कधी, हे आजच विचारून ठेवा, जहाज सुटल्यावर कळवून उपयोग कमी.