१८ दिवसांच्या लेकराला ‘उन्हाचा ताप’?

प्रश्न : नात १८ दिवसांची. मे महिना, पत्र्याचं घर. अंग गरम लागलं, काखेत थर्मामीटर लावला तर १००.८ ताप. दूध कमी प्यायची. खोकला नाही, जुलाब नाही. ग्रामीण रुग्णालयानं इंजेक्शन देऊन लगेच यवतमाळला पाठवलं. तिथे पाठीतून पाणी काढलं. गावात सगळे म्हणतात, उन्हाचाच ताप होता. एवढं करायची गरज होती का? (एक आजी, ता. दारव्हा)

उत्तर : होती, आजी. काखेतला ताप ९९.५ फॅरनहाइटला पोचला की दोन महिन्यांच्या आतल्या बाळासाठी ती धोक्याची खूण धरतात. पहिल्या २८ दिवसांत १००.४ च्या वर गेला तर तपासण्या आणि भरती टाळत नाहीत.

उन्हानं आणि दूध कमी पडल्यानं बाळ तापतं, हे खरं आहे. पण दुपटी काढून, सावलीच्या गार खोलीत नेऊन पाजलं की तो ताप लवकर उतरू लागतो आणि बाळ जोरात ओढून पितं. उतरला तरी त्याच दिवशी दाखवायचंच. तुमची नात नीट पीत नव्हती, म्हणून तर थांबून चालणार नव्हतं. या वयात जंतू रक्तातून मेंदूच्या आवरणापर्यंत झपाट्यानं पोचतात. मोठ्या माणसाची मान ताठते, तान्ह्या बाळाची बहुतेकदा ताठत नाही. टाळूही फुगेलच असं नाही. नुसतं पाहून कोणताही डॉक्टर मेंदूज्वर नाही असं सांगू शकत नाही. म्हणून रक्त, लघवी आणि पाठीतलं पाणी, तिन्ही तपासतात. लघवी बारीक नळीनं घेतात, कारण चिकटवलेल्या पिशवीत कातडीवरचे जंतू मिसळतात आणि रिपोर्ट चुकतो.

पाठीतल्या सुईनं लकवा होतो, ही भीती आम्हाला पत्रांतून वारंवार दिसते. सुई कमरेत, मज्जारज्जू संपतो त्याच्या खाली टोचतात आणि पाणी काढतात ते जेमतेम एक-दोन मिली. ग्रामीण रुग्णालयातलं इंजेक्शन म्हणजे अँटिबायोटिकचा पहिला डोस. वाटेतले दोन तास वाया जाऊ नयेत म्हणून तो आधीच देतात, आणि ते त्यांनी अगदी बरोबर केलं.

टाचेतून थेंबभर रक्त घेऊन साखरही पाहतात. न पिणाऱ्या बाळाची साखर ४५ च्या खाली गेली तर १० टक्के ग्लुकोज दर किलोला २ मिली शिरेतून देतात. अडीच किलोच्या बाळाला ५ मिली.

घरी पॅरासिटामॉल देऊ नका, ताप झाकला जातो. आणि हिवाळ्यात याच्या उलट गोष्ट लक्षात ठेवा : बाळ ९५.९ च्या खाली थंड पडलं तर तेही तापाइतकंच गंभीर. अशा बाळाला आईच्या छातीशी उघड्या अंगानं धरून, टोपी घालून, वरून पांघरूण घेऊन १०८ नं न्यावं. सरकारी रुग्णालयात तान्ह्या बाळाचे उपचार आणि नेण्याआणण्याची सोय मोफत आहे.

प्रश्न : गृहभेटीत श्वास मोजते तेव्हा एकदा ५२ येतात, एकदा ६६. कोणता आकडा खरा धरायचा? (एक आशाताई, मेळघाट)

उत्तर : तान्ही बाळं भराभर श्वास घेतात, मग ५-१० सेकंद थांबतात. ते नैसर्गिक आहे. अर्धा मिनिट मोजून दुप्पट केलं तर आकडा चुकतो तो यामुळेच. बाळ शांत असताना, झबलं वर करून, पोटाकडे पाहत पूर्ण मिनिट मोजा. ६० किंवा जास्त आले तर पुन्हा मोजा. दुसऱ्यांदाही ६० किंवा जास्त आले तरच वेगवान. मात्र बरगड्यांखाली खोल खड्डा पडत असेल, बाळ कण्हत असेल, ओठ निळे पडत असतील किंवा श्वास २० सेकंद थांबत असेल, तर आकड्यात वेळ घालवू नका, गाडी बोलवा.

प्रश्न : दहा दिवसांच्या बाळाला हिरवी उलटी झाली. घुटीचा रंग असेल का?

उत्तर : तसं समजून घरी थांबू नका. हिरवी उलटी म्हणजे पित्त, आणि आतड्याला पीळ पडलेला असू शकतो. काही तासांत आतडं काळं पडतं. तोंडानं काही देऊ नका, पोटाला चटके तर मुळीच नकोत. लहान मुलांचे सर्जन असलेल्या रुग्णालयात, म्हणजे बहुधा नागपूरला, थेट न्यावं लागेल. उलटी लागलेलं दुपटं सोबत ठेवा; डॉक्टरांना रंग पाहता येतो.