टोरांटोत कुंडीतलं लिंबू लावताय? मग आधी हे वाचा

घरात आंब्याची कोय लावायचा विचार असेल तर तो नाद सध्या सोडा, घरात आंब्याला फळ धरणं फार अवघड. पहिलं झाड मेयर लिंबाचं (लिंबाची कमी आंबट जात) घ्या आणि कलमीच घ्या, बी लावलं तर फळाला कित्येक वर्षं लागतात. टोरांटोत घराच्या आत खरी अडचण थंडीची नाहीच हो, हीटर असतोच, अडचण उजेडाची आणि कोरड्या हवेची. दक्षिणेची खिडकी असली तरी डिसेंबर-जानेवारीत पुरत नाही, एलईडी ग्रो लाइट (झाडं वाढवायचा दिवा) रोज 12 तास लावाच, तिथे काटकसर नको. आणि कुंडी गार फरशीवर अजिबात नको, मुळं साधारण 13 अंशांखाली गेली की पाणी ओढत नाहीत, वर ऊन असलं की पानं भराभर गळतात, मग लोक घाबरून अजून पाणी घालतात आणि मुळं कुजतात. बोट खुपसून बघा, वरची दोनेक इंच माती कोरडी लागली तरच पाणी. फुलं आली की मऊ ब्रश फिरवा, घरात मधमाशी कुठून येणार (वास मात्र काय सुंदर येतो!). पानांच्या मागे लाल कोळी (पानांचा रस शोषणारी बारीक कीड) आहे का ते बघत राहा. जूनमध्ये बाहेर काढाल तेव्हा आधी आठवडाभर सावलीत ठेवा, एकदम उन्हात पानं भाजतात.