कोलटकर वाचायचे तर कुठून?

प्रश्न : आमच्या वाचनगटाने अरुण कोलटकरांवर दीड तासाची बैठक ठेवली आहे. त्यांचे मराठी आणि इंग्रजी ‘जेजुरी’ हे कवितासंग्रह समोरासमोर घेऊन ओळीला ओळ लावून पाहिली, तर जुळेना. चुकतंय कुठे? ते चित्रकारही होते, ते कवितेत दाखवता येईल का?

उत्तर : ओळीला ओळ लावणं हीच चूक. दोन्ही ‘जेजुरी’ कोलटकरांच्याच. इंग्रजी पुस्तक १९७६चं, मराठी निघालं ते नंतर, कवी २००४मध्ये गेल्यावर. एकीला दुसरीचं भाषांतर समजून वाचलं, की दोन्ही निसटतात. त्या स्वतंत्रपणे वाचा.

भाषांचा खेळच पाहायचा तर ‘मैं मॅनेजर को बोला’ घ्या. कविता बंबइया हिंदीत, पण छापलेली १९७७च्या ‘अरुण कोलटकरच्या कविता’ या मराठी संग्रहात. तिचं इंग्रजी रूप ‘थ्री कप्स ऑफ टी’. दोघांनी लागोपाठ मोठ्याने वाचावं. पगार मागणाऱ्याचा रांगडेपणा इंग्रजीतही बोलीतूनच येतो. मग सगळ्यांना दहा मिनिटं देऊन पहिल्या चार ओळी प्रमाण मराठीत करायला सांगा. माणूस अर्ज लिहितोय असं वाटू लागेल. या कवितेत बोली म्हणजेच माणूस, हे मग वेगळं समजावावं लागत नाही.

आता चित्र. कोलटकर १९४९मध्ये मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेले, पदविका १९५७मध्ये मिळाली, पोट भरलं जाहिरातींच्या ग्राफिक कामावर. पान कसं दिसावं याचा विचार त्यांच्या हातातच होता. इंग्रजी ‘जेजुरी’त शेवटाकडे, गाव आणि रेल्वे स्टेशनच्या मधल्या कवितेत, शेतातले कोंबडे-कोंबड्या उड्या मारतात आणि छापील शब्दही पानभर वरखाली उडतात. ही कविता टाइप करून व्हॉट्सॲपवर पाठवू नका. ओळी सरळ होतात आणि उड्या जातात. मूळ पान ए-थ्री आकारात मोठं करून भिंतीला लावा.

इंग्रजी ‘जेजुरी’तल्याच ‘द डोअर’ या कवितेसाठी पेन्सिल आणि कागद वाटा. एक बिजागरी तुटलेली, दाराचा एक कोपरा धुळीत, दुसरा उंबऱ्यावर आपटणारा, खांद्यावर वाळत घातलेली चड्डी. ऐकता ऐकता दार काढता येतं, इतकं ते नेमकं आहे. मात्र चड्डी शेवटी काढायला सांगा. कवितेतही ती शेवटीच येते, आणि निव्वळ तिच्यामुळे ते दार पळून गेलेलं नाही.

‘भिजकी वही’ हा त्यांचा मराठी संग्रह पहिल्याच बैठकीत नको. त्यातल्या हायपेशिया, कॅसँड्रा, कण्णगी या इतिहास-पुराणांतल्या स्त्रियांच्या कथा आधी ठाऊक हव्यात. त्याला स्वतंत्र बैठक द्या, आणि ती नावं आठवडाभर आधी वाटून घ्या.