नुसत्या स्प्रिंग बदलू नका

प्रश्न : वापरलेली स्पोर्ट्स सेदान घेतली आहे, रोज हीच चालवणार. उंची कमी करायला नुसत्या लोअरिंग स्प्रिंग टाकल्या तर चालेल का?

उत्तर : नको. जुने, थकलेले शॉक अ‍ॅब्सॉर्बर कडक स्प्रिंगची उसळी आवरत नाहीत. गाडी खड्ड्यात बंप स्टॉपवर (सस्पेन्शन पूर्ण दबल्यावर अडवणारा ठोकळा) आदळते, शॉकचं सील जाऊन तेल गळतं. दोन्ही एकदमच बदला, टॉप माउंटही (शॉकचं वरचं टोक बॉडीला जोडणारा भाग). रोजच्या वापराला 25-30 मिलिमीटर खाली पुरे.

खरी चूक हे बसवताना होते. कंट्रोल आर्म म्हणजे चाक बॉडीला जोडणारा दांडा; त्याच्या बुशचे (सांध्यातल्या रबराचे) बोल्ट गाडी जॅकवर असताना शेवटचे आवळू नका. चाकांवर भार आल्यावरच टॉर्क रेंच (ठरलेल्या जोराने आवळायचा पाना) लावा. नाहीतर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. मग अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवणं. टायर आतल्या कडेला झिजताना दिसला तर आधी टो (वरून पाहता चाक आत किंवा बाहेर वळलेलं असण्याचा कोन) तपासा.