दोन तोळे गहाण टाकण्याआधी सावंगीची एसटी धरा

प्रश्न (कळंब तालुका, जि. यवतमाळ): ह्यांच्या उजव्या किडनीत १४ मिमीचा मुतखडा निघाला. खासगी दवाखान्यात लेझरने काढायचे ८५ हजार सांगितले. दुसरीकडे बाहेरून झटके देऊन फोडायचे एका वेळचे २२ हजार. हाताशी पेरणीचे ६० हजार, माझी दोन तोळ्यांची पोत, नाहीतर गावातला महिना शेकडा ५ वाला सावकार. सध्या दुखणं थांबलं आहे. कापूस विकून डिसेंबरात केलं तर चालेल का? कार्ड केशरी आहे.

ताई, आधी डिसेंबराचं बोलू. दुखणं थांबलं म्हणजे खडा गेला असं नसतं. कधी तो वाट अडवून बसतो, दुखतही नाही, आणि किडनी आतल्या आत सुजत जाते. ५ मिमीपर्यंतचे खडे बहुतेक वेळा आपोआप पडतात, १४ चा तसा पडायची आशा धरू नका. कुळथाचं कढण देत असाल तर द्या, तेवढंच पाणी पोटात जाईल. पण त्याच्या भरवशावर सात-आठ महिने काढायचे नाहीत. मधे थंडी वाजून ताप आला किंवा लघवी बंद झाली, तर पैशाचा विचार न करता त्याच दिवशी दवाखाना गाठा.

दुसरं कारण शेतीचं आहे. आखाजी झाली, मृगाला महिनाभर उरला. लेझरनंतर बहुधा किडनीपासून मूत्राशयापर्यंत एक बारीक नळी, स्टेंट, काही आठवडे आत ठेवतात. ती असताना वाकून काम केलं की कळ येते, लघवी लाल होते. डवरणीच्या दिवसांत हे झालं तर मजूर लावावा लागेल, आणि त्या दिवसांत मजुरीचा भाव काय असतो ते तुम्हाला मी सांगायला नको. म्हणून करायचं ते आत्ताच, मे महिन्यात.

आता २२ हजारांचं. ऐकायला स्वस्त आहे. पण तुम्ही पाठवलेल्या सीटी स्कॅनच्या कागदावर खडा खालच्या कप्प्यात आहे आणि एचयू, म्हणजे खडा किती टणक त्याचा आकडा, १२५० लिहिलं आहे. हजाराच्या वरचा खडा टणक समजतात. तो झटक्यांनी नीट फुटत नाही, आणि फुटला तरी खालच्या कप्प्यातले तुकडे सहज बाहेर पडत नाहीत. दोनदा-तीनदा जावं लागलं तर ६६ हजार झाले, आणि लेझर टळलं असंही नाही. मी डॉक्टर नाही, पण हिशेब म्हणून हा पर्याय मला पटत नाही. पाठीतून छोटं छिद्र पाडून दुर्बिणीने काढायचा तिसराही मार्ग आहे. त्यात रक्तस्रावाची भीती थोडी जास्त, दोन-चार दिवस भरती, पण एकाच वेळी सगळा खडा निघायची शक्यता चांगली. हा पर्याय तुम्हाला कोणी सांगितलेला दिसत नाही.

आणि तुमच्या पत्रात महात्मा फुले जनआरोग्य योजनेचं नावच नाही! कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे, मुतखड्याच्या शस्त्रक्रिया त्यात बसतात. कळंबहून वर्ध्याच्या एसटीत बसलात की सावंगी मेघेचं रुग्णालय वाटेतच आहे, पुढे सेवाग्राम. निघण्याआधी १५५३८८ वर फोन करून विचारा. रेशन कार्ड, आधार, सीटीचा कागद सोबत घ्या आणि आधी आरोग्यमित्राला, म्हणजे रुग्णालयात बसणाऱ्या योजनेच्या माणसाला, भेटा. कार्डावर ह्यांचं नाव आहे ना, ते आजच बघा. भाऊ वेगळे झाले तरी नावं बापाच्या कार्डावरच राहतात, आणि नेमकं तिथे अडतं. योजनेतून झालं तरी आधीच्या तपासण्या, जाणं-येणं, सोबतच्या माणसाचं जेवण, असे आठ-दहा हजार बाजूला ठेवा.

पेरणीच्या ६० हजारांना हात लावू नका. बियाणं-खतासाठी मग त्याच शेकडा ५ वाल्याकडे जावं लागेल. त्याच्याकडून ६० हजार घेतले तर आठ महिन्यांत नुसतं व्याज २४ हजार. पोत बँकेत तारण ठेवली, वर्षाला १० टक्के धरले, तर तेवढ्याच काळाचं व्याज ४ हजार. (२०१४ च्या कायद्यानुसार परवानाधारक सावकारालासुद्धा शेतकऱ्याकडून तारणावर वर्षाला ९ आणि विनातारण १२ टक्क्यांवर घेता येत नाही. तुमच्या गावातला ६० घेतो.) पोत विकू मात्र नका. आत्ता आरोग्य विमा काढायचं कोणी सुचवेल. सापडलेल्या खड्याला तो लगेच लागू होत नाही, त्यामुळे या खर्चात त्याचा उपयोग नाही.

योजनेत नाहीच जमलं, तर खासगीवाल्याला दोन गोष्टी लेखी मागा: ८५ हजारांत स्टेंट काढण्याचा खर्च आहे का, आणि तुकडा राहिला तर दुसऱ्या वेळचे किती. स्टेंट काढायची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. राहून गेलेल्या स्टेंटवरच नवे खडे धरतात. निघालेला खडा तपासायला द्यायला सांगा. आरोग्यमित्राने नाही म्हटलं, तर कारण कागदावर घ्या आणि मला पाठवा. पोत तोवर घरातच राहू द्या.