मायटोकॉन्ड्रियाचा बिघाड हे पार्किन्सन्समागचं कारण असेल, तर अँटिऑक्सिडंट गोळ्यांनी फरक का पडत नाही?

तुमचा प्रश्न असा: वडील ६७ वर्षांचे, दोन वर्षांपूर्वी पार्किन्सन्सचं निदान झालं, लेव्होडोपा-कार्बिडोपा (मेंदूत कमी पडणारं डोपामिन भरून काढणारं औषध) सुरू आहे. मेंदूतल्या मायटोकॉन्ड्रियावर ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस (ऑक्सिजनपासून बनलेल्या मारक रेणूंचा ताण) येऊन पेशी मरतात असं वाचलं, म्हणून को-क्यू-टेन आणि व्हिटॅमिन ई सुरू करायचं ठरवलं, तर न्यूरॉलॉजिस्ट म्हणाले गरज नाही. कारण ठाऊक आहे, मग उपाय का नाही?

डॉक्टरांचं बरोबर आहे आणि तुम्ही वाचलंत तेही बरोबर आहे. घोळ होतो तो 'ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस म्हणजे अँटिऑक्सिडंटची कमतरता' असं धरून चालल्यामुळे. जीवनसत्त्व क कमी पडलं की स्कर्व्ही होतो, तसा हा प्रकार नाही. ही एका ठरावीक यंत्रातली गळती आहे, आणि ती कुठे होते ते पाहिलं की गोळी का पोहोचत नाही तेही कळतं.

मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे शाळेच्या पुस्तकातली तंतुकणिका. तिच्या आतल्या पटलात एन्झाइमांची पाच मोठी संकुलं बसवलेली असतात. पार्किन्सन्समध्ये मुख्य पात्र पहिलं, कॉम्प्लेक्स-१. त्यात ४५ प्रथिनं आहेत. त्यातली ७ मायटोकॉन्ड्रियाच्या स्वतःच्या डीएनएवरून बनतात, बाकीची पेशीकेंद्रातल्या डीएनएवरून. अन्नातून निघालेले इलेक्ट्रॉन एनएडीएच हा रेणू घेऊन येतो आणि कॉम्प्लेक्स-१च्या टोकाला एफएमएन नावाच्या घटकावर दोन-दोन करून उतरवतो. तिथून ते लोह-गंधकाच्या छोट्या गुच्छांवरून एकेक करत पुढे सरकतात आणि शेवटी को-एन्झाइम क्यू (गोळीतलं को-क्यू-टेन ते हेच) उचलून नेतं. या प्रवासात दर दोन इलेक्ट्रॉनमागे चार प्रोटॉन पटलाबाहेर ढकलले जातात, आणि त्या दाबावर एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, तयार होतं.

आता क्यू जिथे इलेक्ट्रॉन उचलतं तिथेच अडथळा आला तर? घाटात पुढे ट्रक बंद पडला की मागे खालपर्यंत रांग लागते, तसे इलेक्ट्रॉन एफएमएनपाशी तुंबतात. ऑक्सिजन आजूबाजूला असतोच. तो एक इलेक्ट्रॉन मधूनच उचलतो आणि सुपरऑक्साइड बनतो. म्हणजे नुकसान दुहेरी: एटीपी कमी आणि सुपरऑक्साइड जास्त.

सुपरऑक्साइड आवरायला मायटोकॉन्ड्रियात मँगनीजवालं एन्झाइम असतं, एसओडी-२. ते सुपरऑक्साइडचं हायड्रोजन पेरॉक्साइड करतं. मग पेरॉक्सिरेडॉक्सिन-३ आणि ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज त्याचं पाणी करतात. ही साखळी पूर्ण झाली तर काही बिघडत नाही. बिघडतं ते मध्ये लोह आल्यावर, आणि ते लोह बऱ्याचदा घरातूनच निघतं. अ‍ॅकोनिटेज या एन्झाइमच्या गाभ्यात चार लोह आणि चार गंधक अणूंचा गुच्छ असतो. त्यातला एक लोह अणू कडेला, उघड्यावर असतो. सुपरऑक्साइड नेमका त्याला धक्का देतो. तो सुटतो, एन्झाइम बंद पडतं, क्रेब्स चक्र (अन्नातून इलेक्ट्रॉन काढणारी क्रियांची साखळी) मंदावतं, आणि सुटलेलं लोह हायड्रोजन पेरॉक्साइडला भेटून हायड्रॉक्सिल मूलक (अत्यंत मारक, अस्थिर कण) तयार करतं. हा मूलक काही नॅनोमीटरसुद्धा लांब जात नाही. जिथे जन्मतो तिथल्याच प्रथिनाला, पटलातल्या मेदाला किंवा डीएनएला भिडतो. भोवती कॉम्प्लेक्स-१ असतंच. तेही जखमी होतं, गळती आणखी वाढते.

हे सगळ्या पेशींत घडू शकतं, मग मध्यमेंदूतल्या सब्स्टॅन्शिया नायग्राच्याच पेशी का मरतात? कारण त्या आधीच काठावर जगतात. त्यांच्या एकेका पेशीच्या अक्षतंतूच्या (संदेश पुढे नेणाऱ्या लांब तंतूच्या) फांद्यांवर लाखो जोडण्या असतात. त्या सतत ठेका धरून विद्युत संदेश सोडतात आणि त्यासाठी कॅल्शियम आत घेतात, ते बाहेर काढायला एटीपी खर्ची पडतं. शिवाय त्यांचा माल डोपामिन, हालचालींचे संदेश नेणारं रसायन. मायटोकॉन्ड्रियाच्या बाहेरच्या पटलावर बसलेलं एमएओ एन्झाइम डोपामिनचा एकेक रेणू मोडताना एकेक हायड्रोजन पेरॉक्साइड सोडतं. त्या भागात लोह भरपूर, आणि पार्किन्सन्सच्या रुग्णांच्या मृत्यूनंतर तपासलेल्या नायग्रात ग्लुटाथायोन (पेरॉक्साइडचं पाणी करायला लागणारा रेणू) कमी सापडतं.

हा नुसता तर्क नाही. १९८२मध्ये उत्तर कॅलिफोर्नियात घरगुती पद्धतीने बनवलेलं नकली हेरॉइन टोचून घेतलेले तरुण काही दिवसांत पुतळ्यासारखे ताठरले. विल्यम लँगस्टन आणि सहकाऱ्यांनी शोधलं की त्या मालात एमपीटीपी नावाची भेसळ होती. एमपीटीपी स्वतः निरुपद्रवी आहे. मेंदूतल्या आधारपेशींमधलं एमएओ-बी त्याचं एमपीपी-प्लस करतं, डोपामिन आत घेणारं वाहक प्रथिन त्याला डोपामिन समजून आत ओढतं, आणि आत गेल्यावर ते कॉम्प्लेक्स-१ अडवतं. नायग्राच का मेली ते या तीन पायऱ्यांत उलगडतं. १९८९मध्ये साध्या, भेसळीचा संबंध नसलेल्या पार्किन्सन्सच्या रुग्णांच्या नायग्रातही कॉम्प्लेक्स-१ची ताकद साधारण एक तृतीयांशाने कमी दिसली. २०००मध्ये उंदरांना रोटेनोन हे कीटकनाशक संथपणे देऊन तसाच आजार उभा करता आला. रोटेनोनही कॉम्प्लेक्स-१च अडवतं. २०११च्या अमेरिकेतल्या अभ्यासात रोटेनोन किंवा पॅराक्वाट वापरणाऱ्यांत पार्किन्सन्सचं प्रमाण सुमारे अडीच पट निघालं. पॅराक्वाटची तऱ्हा वेगळी: ते स्वतःच इलेक्ट्रॉन उचलून ऑक्सिजनला देत राहतं. युरोपीय संघात त्याला २००७पासून परवानगी नाही, आपल्याकडे तणनाशक म्हणून ते मिळतं. घरात कुणी फवारणी करत असेल तर हातमोजे, मास्क आणि फवारणीनंतर लगेच आंघोळ यात सूट देऊ नका.

आता गोळ्यांकडे. डाटाटॉप चाचणीत ८०० रुग्णांपैकी काहींना रोज २००० आययू व्हिटॅमिन ई दिलं. १९९३मध्ये निकाल आला, उपयोग शून्य. को-क्यू-टेनची ८० रुग्णांवरची चाचणी २००२मध्ये आशा दाखवून गेली, म्हणून ६०० रुग्णांवर रोज १२०० आणि २४०० मिलिग्रॅम देऊन मोठी चाचणी झाली. फायदा होण्याची शक्यता दिसेना, म्हणून ती २०११मध्ये मध्येच थांबवावी लागली. बाजारात मिळणाऱ्या १०० मिलिग्रॅमच्या कॅप्सूलकडून यापेक्षा जास्त अपेक्षा ठेवायला मला तरी आधार दिसत नाही. मायटोकॉन्ड्रियातच साठावं म्हणून मुद्दाम बनवलेलं मायटोक्यूही १२८ रुग्णांच्या चाचणीत चाललं नाही.

का? एसओडी-२ सुपरऑक्साइडला इतक्या वेगाने गिळतं की व्हिटॅमिन ई किंवा क त्या शर्यतीत नसतातच. व्हिटॅमिन ई पटलातल्या मेदावरची साखळी-प्रतिक्रिया थांबवतं, पण हायड्रोजन पेरॉक्साइडला हात लावत नाही. को-क्यू-टेन जास्त घातलं तरी अडकलेला कॉम्प्लेक्स-१ मोकळा होत नाही. आणि हात थरथरायला लागतो तोवर नायग्रातल्या बऱ्याच पेशी गेलेल्या असतात.

लोह हा दोषी म्हणून ते काढून टाकण्याचाही प्रयोग झाला, आणि तो लक्षात ठेवण्यासारखा आहे. २०२२मध्ये डेफेरिप्रोन हे लोह बांधणारं औषध, लेव्होडोपा सुरू न झालेल्या ३७२ रुग्णांच्या चाचणीत ३६ आठवडे दिलं गेलं. नायग्रातलं लोह कमी झालं, पण रुग्णांची लक्षणं प्लासिबोवाल्यांपेक्षा (औषध नसलेली नकली गोळी घेणाऱ्यांपेक्षा) जास्त बिघडली. बहुधा कारण हे, की डोपामिन बनवणारं टायरोसीन हायड्रॉक्सिलेज स्वतः लोहावर चालतं. आजारात वाढलेला घटक काढून टाकला की आजार बरा होईल हे गृहीत इथेही टिकत नाही.

एएलएसचंही (स्नायू हलवणाऱ्या चेतापेशी मरत जाण्याच्या आजाराचंही) तसंच. १९९३मध्ये त्या आजाराच्या काही कुटुंबांत एसओडी-१ जनुकात दोष सापडला, तेव्हा सगळ्यांना वाटलं की अँटिऑक्सिडंट एन्झाइम कमी पडतंय. पुढे कळलं की बिघडलेलं प्रथिन स्वतःच विषारी ठरतं. २०२३मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेलं टोफरसेन एसओडी-१ वाढवत नाही, कमी करतं.

तुमच्या वडिलांसाठी यातून काय निघतं ते सांगतो. 'लेव्होडोपाने ऑक्सिडेशन वाढतं' या भीतीने डोस मागे ठेवू नका. २०१९मध्ये ४४५ रुग्णांच्या चाचणीत लगेच सुरू केलेल्यांत आणि ४० आठवडे उशिरा सुरू केलेल्यांत ८० आठवड्यांनी फरक नव्हता. गोळी जेवणाआधी अर्धा तास किंवा जेवणानंतर एक तासाने द्या, कारण डाळ, दूध, अंडी यांतली अमिनो आम्लं आतड्यात आणि मेंदूच्या दारात तिच्याशी स्पर्धा करतात. लोहाची गोळी चालू असेल तर दोन तासांचं अंतर ठेवा. लोह लेव्होडोपाला धरून ठेवतं आणि ती शोषली जात नाही. खाजकुइलीचं (कवचबीज) चूर्ण देत असाल तर डॉक्टरांना सांगा. त्यात खरोखरच लेव्होडोपा असतं, म्हणजे तुम्ही नकळत डोस वाढवताय.

पैसे आणि वेळ व्यायामावर घाला. २०१८मध्ये १२८ रुग्णांवरच्या चाचणीत हृदयाच्या कमाल ठोक्यांच्या ८० ते ८५ टक्के गतीने ट्रेडमिलवर चालणाऱ्यांचं सहा महिन्यांत हालचालींचं गुणांकन जवळपास जागीच राहिलं, नेहमीच्याच दिनक्रमावर राहिलेल्यांचं सुमारे तीन गुणांनी बिघडलं. ते रुग्ण अजून औषधावर नव्हते आणि चाचणी लहान होती, तरी मी यालाच सर्वांत जास्त वजन देतो. ६७व्या वर्षी ढोबळ हिशेबाने हे मिनिटाला १२२ ते १३० ठोके होतात. आधी हृदयाची तपासणी करून घ्या, आणि सुरुवातीला पकडायला दांडी असलेलीच जागा निवडा.

को-क्यू-टेन तरीही द्यायचंच असेल आणि वडील वॉरफरिनवर (रक्त गोठू न देणाऱ्या औषधावर) असतील तर ते त्याचा असर कमी करू शकतं. व्हिटॅमिन ई मोठ्या डोसात उलट रक्तस्राव वाढवतं. ग्लुटाथायोनच्या सलाइनवर खर्च करू नका. आणि डॉक्टरांनी पुढे रसाजिलीन किंवा सेलेजिलीन (एमएओ-बी रोखणारी औषधं) दिली, तर ती लक्षणांसाठी उपयोगी आहेत, आजार थांबवतात असं सिद्ध झालेलं नाही. ती चालू असताना डेक्स्ट्रोमेथॉर्फनवालं खोकल्याचं औषध, ट्रॅमाडॉल आणि पेथिडीन (ही वेदनाशामकं) चालत नाही. खोकल्याची बाटली दुकानातून सहज घेतली जाते, म्हणून वडिलांच्या औषधांची यादी त्यांच्या खिशातच ठेवा आणि मेडिकलवाल्याला आधी ती दाखवा.